एक वार, दोन वार

रविवार, 12 ऑक्टोबर 2025

आज आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. लोक शेतातलं जे देवाला आणतात, त्याचा उपासनेनंतरचा लिलाव नेहमीप्रमाणे मीच पुकारला. गेली पंधरा-सोळा वर्षं हे काम माझ्याकडंच आहे, कारण आवाज मोठा अन् लाज कमी. यंदा वेदीपुढं टोपल्या निम्म्याच होत्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या पावसानं सोयाबीन शेतातच सडलं, लोक आणणार तरी काय? चार भोपळे, थोडे उडीद, पाय बांधलेला एक गावरान कोंबडा, चटणीच्या दोन बरण्या. अन् धाकट्या भावाची मोसंबीची पाटी.

त्या पाटीबद्दल लिहायचं आहे. हे बायकोलाही सांगितलेलं नाही, म्हणून वहीतच.

आमची वाटणी झाली तेव्हा बाप जिवंत होता. मी थोरला, म्हणून आधी मला विचारलं. मी डांबरी रस्त्याची बाजू घेतली. मनात हिशोब होता की आज ना उद्या रस्त्याकडेला प्लॉट पडतील. धाकट्याला ओढ्याकडची आली. तो काही बोलला नाही. बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकात, अब्राहाम पुतण्या लोटाला आधी जागा निवडू देतो अन् म्हणतो, तू डावीकडं गेलास तर मी उजवीकडं जाईन. आमच्यातला लोट मीच. फरक एवढाच की लोटानं निदान पाणी पाहून जागा निवडली होती, मी डांबर पाहून निवडली.

माझीही बाग होती. पावणेदोन एकरात एकशेऐंशी झाडं, वीस बाय वीस फुटांवर लावलेली. 2012 च्या दुष्काळात विहीर आटली. उन्हाळाभर टँकर घातले. हातात होतं ते गेलं, मग बायकोची पोत गेली, अन् 2013 च्या मे महिन्यात मी झाडं तोडायला माणसं लावली. मोसंबीचं झाड शेंड्याकडून मरत येतं. खाली खोड हिरवं असतं, म्हणून माणूस आशेवर पाणी घालत राहतो. तोडलेलं लाकूड सरपणाच्या भावानं गेलं. जालना भागात त्या वर्षी असं कितीतरी जणांचं झालं, तेव्हा एकट्यावर आलं असं म्हणायची सोय नव्हती. दुःख होतं, पण त्यात कुणाचा हेवा नव्हता. सगळ्यांचंच गेलं होतं ना!

हेवा नंतर आला. पुढं सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. धाकट्यानं अर्ज केला, तळं खोदलं, आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारी) बाग उभी केली. मला म्हणाला होता, "दादा, तू पण कर की." मी म्हणालो, कागदं कोण गोळा करील. पाचव्या वर्षी त्याच्या झाडांना फळ लागलं. तेव्हापासून मी त्याच्या बांधावरून जायचं सोडलं. लांबचा पडतो, तरी वरच्या रस्त्यानं जायचो.

अन् मी काय केलं, तर सणाला त्याची पाटी आली की लिलाव लवकर तोडायचो. दुसऱ्यांच्या भोपळ्याला "अहो, देवाचं काम आहे, बोला, बोला" म्हणून घोळवायचं, अन् त्याच्या पाटीला नव्वद रुपयांवरच एक वार-दोन वार-तीन वार एका दमात. झालं. पैसा जाणार मंडळीच्या पेटीत, म्हणजे माझ्या भावाचं एका दमडीनं नुकसान नाही. नुकसान झालं ते देवाच्या घराचं. तीन वर्षं मी हे केलं अन् वर टाळ्याही घेतल्या. बायबलातल्या शौल राजानं हेव्यापोटी दाविदावर निदान भाला उघड उघड फेकला होता.

आपल्याकडं 'मला तुझा हेवा वाटतो' हे लोक कौतुकानं म्हणतात. तो हेवा वेगळा. माझा तसला नव्हता. मला बाग नको होती, या वयात झेपलीही नसती. मला फक्त त्याची नसायला हवी होती.

मागच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांत, पाळकसाहेबांनी द्राक्षमळ्याच्या मजुरांवर उपदेश केला होता, मत्तय 20. मी तो दाखला लहानपणापासून ऐकत आलोय अन् दरवेळी मनातून सकाळी लागलेल्या मजुरांच्या बाजूनं असतो. दिवसभर उन्हात राबले ते, अन् तासभर काम केलेल्यालाही तीच मजुरी? पण त्या दिवशी साहेबांनी एक बारीक गोष्ट दाखवली. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यापासून सुरुवात कर. पहिल्यांना आधी देऊन मोकळं केलं असतं तर ते ठरलेले पैसे मोजून खुशीत घरी गेले असते. त्यांना कुणी फसवलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातातली मजुरी दिसली, तिथं सगळं बिनसलं. 'मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यात सलतं काय?' मी मान खाली घातली. वाटणीत मी मागितलं तेच मला मिळालं होतं.

नंतर साहेबांना एकट्यात गाठलं. नाव न घेता विचारलं, एका माणसाबद्दल मन साफ होत नाही, काय करू? ते म्हणाले, त्याचं नाव घेऊन रोज प्रार्थना करा, अन् नेमकं काहीतरी मागा. आधी मी 'सगळ्या कुटुंबाला आशीर्वाद दे' यातच त्याला कोंबायचो. पहिल्यांदा नाव घेतलं तेव्हा तोंडातून निघालं, "त्याला सुबुद्धी दे." सुबुद्धी! स्वतःलाच हसू आलं. मग हळूहळू 'त्याच्या तळ्यात पाणी राहू दे' इथवर आलो. ओठांनी. आतून नाही. पण म्हणत राहिलो.

वाटलं, जमलं बहुतेक. मग सप्टेंबरात तो पाऊस आला. तीन दिवस उघडीपच नाही. ओढा बागेत शिरला. चौथ्या दिवशी सकाळी धाकट्याचा फोन, "दादा, सगळा सडा पडलाय. व्यापारी नाही म्हणतोय." बाग उक्ती (सगळ्या फळांची एकरकमी) ठरली होती त्याची, इसारही झाला होता. आणि मला... आता लिहितोच. मला बरं वाटलं. पुरतं क्षणभरही नसेल, गार पाण्याचा घोट घेतल्यासारखं. सहा-सात महिने प्रार्थना करून आत हे निघालं.

आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असं बायबलातल्या रोमकरांस पत्रात आहे. मला वाटायचं, यातला आनंदाचा भाग अवघड, शोकाचा सोपा. सोपा कुठला? मी फोन ठेवला, चपला घातल्या, फावडं घेतलं. कळवळ्यानं नाही गेलो. त्या घोटाची भीती वाटली म्हणून गेलो.

पाच वर्षांनी त्या बांधावरून उतरलो. पिंडरीपर्यंत चिखल. पिवळट हिरवी फळं पाण्यावर तरंगत होती, काहींवर तपकिरी डाग चढलेला, हातात घेतलं की बोट आत जायचं. वास आंबूस. आम्ही दोघांनी अन् त्याच्या पोरानं दोन दिवस चर काढले, पाणी ओढ्याकडं वळवलं, फळं वेचून खड्ड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका झाडाखाली वाकलो तर शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या दिसल्या. खाली खोड हिरवं. माझा हात तिथंच थांबला. ते झाड कुणाच्या वाट्याचं, हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही. "याचा शेंडा छाट आधी," मी ओरडलो, "अन् बुडाशी पाणी ठेवू नको." माझा आवाज कापत होता. धाकटा नुसता बघत राहिला.

तर आजची पाटी म्हणजे त्या बागेत वाचलेलं फळ. मोजकीच, पुसून ठेवलेली. मी पन्नासावरून सुरुवात केली. शंभर झाले. थांबलो. "अहो, पुरातून आलेली फळं आहेत ही, अशी परत मिळायची नाहीत." दीडशे. मागून एका आजीबाईंनी एकशेसाठ म्हटलं, त्यांच्या सुनेनं त्यांचा पदर ओढला, सगळे हसले. दोनशे. सव्वादोनशे. एक वार म्हणून मी खिडकीकडं पाहिलं, दोन वार म्हणून पाणी प्यायलो. तीनशे दहावर तोडला.

घाम आला होता. बाहेर हातपंपावर तोंड धूत होतो, तर धाकटा दांडा हापसायला आला. दोन-चार दांडे मारले अन् खाली बघूनच म्हणाला, "यंदा घाई नव्हती व्हय, दादा?"

म्हणजे त्याला माहीत होतं. तिन्ही वर्षं माहीत होतं, अन् तरी दरवर्षी पाटी आणत होता.

मला काहीच बोलता येईना. तोंडावर पाणी मारत राहिलो, तो हापसत राहिला.

उद्या सकाळी त्याच्या बागेत बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारायचंय. पंप माझ्याकडं आहे, नोझल तेवढं साफ करून ठेवायला हवं.