एम्सवर्थची कॉन्सॉर्ट की हॅम्बलची सॅडलर: जुनी शिडाची बोट बघायला जाताना

पहिली चूक तारखेची झाली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दोन जुन्या बोटी विकत घेण्यासाठी बघायच्या होत्या. त्यातली एम्सवर्थची बोट शनिवारी दुपारी बारा वाजता बघायची ठरवली आणि तो निघाला पौर्णिमेनंतरचा दिवस. हर्णैला वाढलेल्या बाईने अशी चूक करू नये. पोर्ट्समथच्या आसपास उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते. आम्ही पोचलो तेव्हा बोट मजेत तरंगत होती आणि जे बघायचं ते सगळं पाण्याखाली. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दुपारी येते, पण पाणी फारसं ओसरत नाही. म्हणून बूड बघायचं तर उधाणाची संध्याकाळ धरा, आणि जमलं तर उन्हाळ्यातली. आमचा महिना ऑक्टोबर होता. सहाला बूड उघडं पडलं, साडेसहाला अंधार.

दोन्ही बोटी ऐंशीच्या दशकातल्या, फायबरग्लासच्या, एकोणतीस फुटांच्या आतबाहेरच्या. एम्सवर्थची वेस्टर्ली कॉन्सॉर्ट दोन कीलची (कील म्हणजे बुडाखाली उतरलेलं जड पातं); साधारण एक मीटर पाण्यात तरंगते आणि पाणी गेलं की दोन पायांवर उभी राहते. हॅम्बल नदीतल्या मरीनातली, म्हणजे भाड्याने जागा मिळणाऱ्या बोटींच्या धक्क्यावरची, सॅडलर २९ एका कीलची, तिला दीड मीटर पाणी लागतं. किमतीत थोडाच फरक होता.

कॉन्सॉर्टच्या मालक आजोबांनी दुपारच्या भरतीतच बोट किनाऱ्याजवळच्या खांबांना आणून बांधली, म्हणून संध्याकाळी गमबूट घालून खालून फिरता आलं. दोन कीलच्या बोटीत कील जिथे बुडाला जोडलेली असते तिथे जास्त वेळ घालवा. बोट रोज दोनदा चिखलात बसते-उठते आणि तो सगळा ताण त्या सांध्यावर येतो. बारीक तडे किंवा गंजाचे ओघळ दिसले तर आतून त्याच जागी जाऊन बोल्टांभोवती बघा. आम्हाला बाहेर एका बाजूला गंजाची रेघ दिसली, आत मात्र कोरडं होतं. फोटो काढून ठेवले. त्याचा अर्थ लावणं सर्व्हेअरचं, म्हणजे बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाचं, काम.

आत शिरल्यावर डोक्याला कापड लागलं. त्या काळच्या वेस्टर्लींचा हा प्रसिद्ध आजार: छताच्या अस्तरामागचा फोम कुजून भुगा होतो आणि कापड लोंबायला लागतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण बदलायचा म्हणजे अनेक शनिवार-रविवारांचं काम, तेव्हा किंमत ठरवताना याचा उल्लेख जरूर करा. बाकी जागा विचाराल तर एवढ्या लांबीत इतकी रुंद बोट क्वचित मिळते. नवरा सहा फुटी, तोही आडवा झाला आणि उठायला तयार होईना.

मी मात्र फळ्या उचलत होते. मासा घेताना कल्ले बघतो, तशा बोटीच्या तळफळ्या. खाली पाणी असेल तर करंगळी बुडवून चाटून बघा. (नवऱ्याने तोंड फिरवलं.) खारट असेल तर समुद्र कुठून तरी आत येतोय, बहुधा इंजिनाच्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सीलमधून. गोडं असेल तर पाऊस किंवा टाकी. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर इंजिनाकडे मोर्चा वळवा. कॉन्सॉर्टचं पाणी गोडं होतं.

इंजिन बूख कंपनीचं, दोन सिलिंडरचं, वीस हॉर्सपॉवरचं. जड, गोंगाटी आणि दीर्घायुषी. मी हात लावला तेव्हा ते थंडगार होतं, आणि थंडच असायला हवं. दुसऱ्या दिवशी हॅम्बलला पोचलो तर सॅडलरचं यान्मार इंजिन आधीच गरम. मालक म्हणाले, तुमच्यासाठी तापवून ठेवलं. हेतू चांगला असेलही, पण गरम इंजिन कुठलंही सुरू होतं. पहिल्याच फोनवर सांगून टाका की मी येईपर्यंत चालू करू नका.

खरं सांगायचं तर सॅडलरने मन जिंकलं होतं. हिचा आराखडा डेव्हिड सॅडलर यांचा, म्हणजे ज्यांनी काँटेसा ३२ ही नावाजलेली शिडाची बोट रेखाटली तेच. बाहेरचं कवच आणि आतला साचा यांच्यामध्ये फोम भरलेला, त्यामुळे पाणी भरलं तरी बोट तरंगत राहते. आत उबदार, शांत, भिंतींना घाम नाही. उलट बाजू अशी की कुठे गळती झाली तर पाणी नेमकं कुठून शिरलं हे शोधताना जीव जातो. मालकांनी साउदॅम्प्टन वॉटर या खाडीत तासभर नेलं. समोर फॉलीची रिफायनरी, वारा तोंडावर, आणि बोट वाऱ्याला इतकी जवळून कापत गेली की मी हसायलाच लागले. कॉन्सॉर्टला हे जमणार नाही.

डोलकाठीच्या तारा किती जुन्या, हे मी दोन्हीकडे विचारलं. बरेच विमावाले दहा-पंधरा वर्षांनंतर बदलायला लावतात. कॉन्सॉर्टवाल्यांनी चार वर्षांपूर्वीची पावती दाखवली, सॅडलरवाले म्हणाले, "मी घेतली तेव्हाच्याच आहेत." समुद्राच्या पाण्याचे व्हॉल्व्हही खरवडून बघा. पितळ गुलाबी पडलं असेल तर त्यातलं जस्त गेलंय, ते कधीही तुटेल.

कागदांपैकी विक्रीखतांची साखळी आणि व्हॅट भरल्याचा पुरावा मागा. ब्रिटनमधल्या छोट्या बोटींच्या नोंदणीचा, म्हणजे पार्ट थ्रीचा, कागद मालकी सिद्ध करत नाही. पार्ट वनची, म्हणजे मालकीची पूर्ण, नोंद असेल तर बोटीवर कर्ज आहे का तेही तिथे कळतं.

शेवटी निवड बोटीने नाही, जागेने केली. मरीनातली जागा बोटीबरोबर मिळत नव्हती आणि वर्षाचं भाडं ऐकून आम्ही गप्प झालो. चिखलातली, सुकतीला कोरडी पडणारी मुअरिंग, म्हणजे बोट बांधायची जागा, मात्र आवाक्यात होती, आणि तिथे दीड मीटरची एककिली सॅडलर सुकतीला आडवीच पडली असती. कॉन्सॉर्टला 'सर्व्हेच्या अटीवर' असं लिहून दहा टक्के रक्कम दिली. सर्व्हे आणि त्यासाठी बोट पाण्याबाहेर उचलणारी क्रेन, दोन्हींचा खर्च आपल्याकडे असतो, हे हिशेबात धरा.

क्रेन सकाळी नऊची मिळाली आहे. त्या दिवशीची भरती पहाटे तीनची. आजोबा म्हणाले, आदल्या दुपारीच नेऊन ठेवतो.