फोटोतला मासा घरी येत नाही

न्यूयॉर्क राज्यातल्या माँटॉकच्या चार्टर, म्हणजे भाड्याच्या मासेमारी बोटींच्या जाहिरातीत दोन्ही हातांत भलामोठा स्ट्राइप्ड बास धरून हसणारा माणूस असतो ना, तो मासा तुम्हाला घरी नेता येणार नाही. पकडाल, फोटो काढाल आणि परत पाण्यात सोडाल. मला हे कळलं बोटीवर चढल्यावर, सहा जणांची आगाऊ रक्कम भरून झाल्यावर.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून पहाटे दोनला निघालो. व्हेराझानो पूल, बेल्ट पार्कवे आणि मग लाँग आयलंडचं पूर्वेचं टोक येईपर्यंत नाकासमोर. जाताना रस्ता रिकामा, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी, मेहुणा, त्याचा चौदा वर्षांचा मुलगा, ऑफिसातले दोघं आणि थळहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे सासरे. अशा छोट्या बोटींना सहाच प्रवासी नेता येतात. सातवा घुसवायचा प्रयत्न करू नका, कॅप्टन धक्क्यावरूनच परत पाठवेल. मासेमारीच्या नोंदणीची कटकट मात्र नाही, परवाना बोटीचा असतो.

आता नियम. बास २८ ते ३१ इंचांच्या दरम्यानचाच हवा, आणि माणशी दिवसाला एकच. म्हणजे खिडकी तीन इंचांची. आधी वरची हद्द ३५ होती, ती २०२३ च्या मे महिन्यात तातडीने खाली आणली. २०१५ साली जन्मलेली मोठी पिढी नेमकी त्या मापात आली होती, आणि हे मासे जिथे अंडी घालतात त्या चेसापीक उपसागरात २०१९ पासून पिल्लं जेमतेम निपजताहेत. कारण पटतं. पण मग जाहिरातीत जुने फोटो कशाला ठेवता? बुकिंग करताना मी स्पष्ट विचारलं होतं, ‘मासे घरी नेता येतात ना?’ उत्तर आलं, ‘हो, अर्थात.’ खोटं नव्हतं. नुसतं तीन इंच अपुरं होतं.

पहिला मासा सासऱ्यांना लागला. रॉड कमानीसारखा वाकला, रिळातून दोर सरसर निघाला, पण गृहस्थ शांत. साठ वर्षं खाडीत गळ टाकलेला हात, घाई नाही. मासा वर आला तेव्हा मेटने, म्हणजे कॅप्टनच्या मदतनिसाने, पट्टीवर आडवा धरला, तोंड मिटलं, शेपूट चिमटीत घेतली आणि म्हणाला, ‘अडतीस.’ नऊ-दहा किलोंचा तरी असेल. फोटो झाला. मग त्याने मासा पाण्यात उभा धरला, कल्ले हलायला लागल्यावर हात सोडला.

‘जावईबापू, त्याने टाकला तो मासा?’

‘सोडला. मोठा होता म्हणून.’

‘लहान म्हणून सोडतात. मोठा म्हणून सोडलेला जिताडा मी जन्मात पाहिला नाही.’

त्यानंतर बत्तीस, चौतीस, छत्तीस. एक सव्वीसचा. पाच तासांत मापात बसला फक्त एक, साडेएकोणतीस इंचांचा, तोही मेहुण्याच्या मुलाला. सहा माणसांत एक बास. हा हिशेब पक्का डोक्यात ठेवून मगच पैसे भरा.

आता रिपबद्दल, म्हणजे मासे धरायच्या उसळत्या पाण्याच्या पट्ट्याबद्दल, कारण हे कोणीच नीट सांगत नाही. माँटॉकच्या दीपगृहापलीकडे पाण्याखाली उंचवटे आहेत. ओहोटीचं पाणी ब्लॉक आयलंड साउंडमधून समुद्रात बाहेर पडताना त्यांच्यावरून उसळी घेतं. त्याच आडोशाला मासे दबा धरून असतात, वाहत येणारे सँड ईल हे बारीक मासे टिपायला. बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाते, इंजिन सोडून देते आणि उंचवट्यावरून वाहत खाली येते. पाच-सहा मिनिटं, मग रिळं गुंडाळा, पुन्हा वर. असं वीस-पंचवीस वेळा. ऐकायला मजेचं वाटतं. पण आम्ही गेलो २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी. श्रावणी अमावास्या दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाची ओहोटी, आणि वारा समोरून, आग्नेयेचा. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. लाट पुढे सरकतच नाही, जागेवर उभी राहते आणि बोट तिच्यावर आपटते. सासरे गाडीतच म्हणाले होते, ‘उधाणाला कशाला? भांगात यायचं, भरती-ओहोटी मंद असते तेव्हा.’ मी गूगलवर बघून आलो होतो, मला कुठे ऐकायचं होतं!

तासाभरात चौघांना बोट लागली. मलाही. मळमळायला लागल्यावर गोळी घेऊन उपयोग शून्य, पोटात टिकतच नाही. मेक्लिझिन डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री आणि निघण्याआधी तासभर घ्या, केबिनमध्ये बसू नका, मागच्या कठड्याशी उभे राहून क्षितिजाकडे बघा. सकाळी तेलकट खाऊ नका. आम्ही साटोरी खाल्ली होती, अधिक सांगत नाही.

बुक करताना हे विचारा: जिगिंग की ट्रोलिंग? आमचं निम्मं निम्मं झालं. ट्रोलिंगमध्ये चालत्या बोटीमागे आमिष ओढायचं: तारेचा दोर, छत्रीसारखा आमिषांचा सांगाडा, मासा लागला की मेट रॉड हातात देणार आणि तुम्ही गिरणीचं चाक फिरवल्यासारखं रीळ फिरवणार. निव्वळ हमाली. जिगिंगमध्ये निदान हाताला काही कळतं. चकचकीत जिग, म्हणजे धातूचं वजनदार आमिष, तळाला टेकवा, दहा-पंधरा वेढे वर घ्या, पुन्हा सोडा.

ब्लूफिशबद्दल तक्रार नाही, त्यांनीच दिवस वाचवला. चार्टरवर माणशी पाचांची मुभा होती, आम्ही अकरा आणले. गळाला लागल्यावर पिसाळलेल्या कुत्र्यासारखा झटके देतो. दात एका ओळीत, करवतीचे. डेकवर पडला तरी जबडा खट खट मिटत राहतो. ऑफिसातल्या एकाने गळ काढायला स्वतःच बोट घातलं, नखासकट टोक फाटलं. पक्कड मेटच्या हातात असते, त्याला काढू द्या. आणि मासा वर आला की लगेच कल्ला कापून रक्त काढायला आणि बर्फाच्या पाण्यात टाकायला सांगा. आमचे पहिले चार उघड्या पेटीत उन्हात पडले होते. धक्क्यावर येईपर्यंत त्यांचं मांस लिबलिबीत.

बिल असं: ठरले १,००० डॉलर. वर इंधनाचे ७५, कार्डाचे चार टक्के, आणि मेटला रोख २००. एकूण १,३१८, म्हणजे डोकी २२० पडले. टिपबद्दल कुरकुर नाही, १५ ते २० टक्के हा इथला रिवाज आहे आणि पोरगा राबला. इंधनाचा आकडा आधी का सांगत नाहीत, एवढंच विचारतो. फोनवर ‘सगळं धरून किती?’ असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

पुन्हा गेलो तर मधल्या वारी, संध्याकाळची फेरी, भांगाची भरती बघून. ऑगस्टअखेर पाणी कोमट असतं, बास उजाडताना किंवा अंधार पडल्यावर खातो. थांबता येत असेल तर ऑक्टोबर उत्तम, तेव्हा झुंडी दक्षिणेकडे परतायला लागतात. आणि ऑगस्टमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर स्ट्रायपरची, म्हणजे याच बासची, हमी देणाऱ्या बोटीकडे वळूही नका. तो मासा तेव्हा उत्तरेला गेलेला असतो.

परतीला हॅम्पटन्समध्ये अडीच तास एकाच जागी. मागे बर्फाची पेटी, पुढे ब्रेकचे लाल दिवे.

घरी पोचल्यावर खरा पेच. श्रावण चालू, आणि गणपतीला आठवडा उरलेला. बास गोठवला, पांढरं मांस टिकतं. ब्लूफिश बांगड्यासारखा तेलकट, तो थांबत नाही. त्याचं काळं मांस आणि कातडी काढून टाका, तिथे पीसीबी हे घातक औद्योगिक रसायन साठतं. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना तर देण्याआधी न्यूयॉर्क आरोग्य खात्याचा सल्ला वाचाच. पाच शेजारच्या इटालियन आजोबांना दिले, ते चार लिबलिबीत फेकले. उरले दोन. रविवारी दुपारी सासऱ्यांनी गॅरेजमध्ये कॅम्पिंगची शेगडी मांडली, थळहून आणलेली आमसुलं आणि तिरफळं काढली, आणि तिखलं रटरटायला लागलं तशी सासूबाईंनी वरची खिडकी धाडकन लावून घेतली.