सहाशे मीटरवरचा ब्राइट बँड

महाबळेश्वरला ढगांच्या प्रयोगशाळेत तीन पावसाळे काढले, त्यामुळे ब्राइट बँड कुठेही दिसला तरी मला ओळखू येतो. पावसाचं छोटं रडार सरळ वर बघत बसतं. वरून येणारा हिमकण वितळायला लागला की त्याच्या अंगावर पाण्याचा थर धरतो आणि रडारला तो भल्यामोठ्या थेंबासारखा भासतो. पडद्यावर आडवा लख्ख पट्टा उमटतो. पट्ट्याच्या वर कण सेकंदाला दीड मीटरने उतरतात, खाली सहा-सात मीटरने. सह्याद्रीवर पावसाळ्यात हा पट्टा साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर असतो.

जानेवारीतल्या त्या सकाळी तो सहाशे मीटरवर होता. आणि मी होतो नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ओलेसुंड या संशोधकांच्या गावी, 79 अंश उत्तरेला.

तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. गावात वायफाय, ब्लूटूथ बंद, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणी क्वेसारांचे, म्हणजे फार दूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे, अतिक्षीण संकेत टिपत असतात. निरोप द्यायचा तर तारेचा फोन, नाहीतर चालत जायचं. अनेक देशांची केंद्रं एकमेकांना लागून आहेत. भारताचं हिमाद्रीही 2008 पासून आहे. मी मात्र एका युरोपीय विद्यापीठाच्या रडारची निगा राखायला गेलो होतो. डिशवरचं हिम मऊ ब्रशने झाडायचं, हीटर तपासायचा, नोंदवही भरायची.

सात वाजता पट्टा दिसला तेव्हा बाहेर उणे चार होतं. म्हणजे वर गरम हवा घुसली होती आणि तळाशी थंड थर तसाच पडून होता. वितळून आलेला थेंब जमिनीला लागताच गोठणार होता. मी जर्मन-फ्रेंच केंद्रातल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "तुझा पट्टा खरा असेल तर माझ्या हवामानाच्या बलूनला दिसेलच. पण बलून दुपारी."

आठ वाजता पाऊस सुरू झाला. डोक्यावर मिट्ट काळोख आणि छतावर थेंबांचा आवाज. कोकणातल्या माणसाला तो आवाज ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. रस्ता तासाभरात काचेसारखा झाला.

बारा वाजता मित्राने बलून सोडला. वाऱ्यात तो आडवा होऊन गेला, पण गेला. आलेखात जमिनीलगत शून्याखाली, सातशे मीटरवर अधिक दोन. रडारने पाच तास आधी दाखवलेलंच ते होतं. त्याचं मोजमाप थोड्याच वेळात जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यावरून जगभरच्या अंदाज केंद्रांत पोचलं. माझं डिस्कवर राहिलं.

"तुमचं रडार कुणाला पाठवतं?" त्याने जेवताना विचारलं.

कुणालाच नाही. आधी शोधनिबंध, मग डेटा, असा आमच्या प्रकल्पाचा नियम. मला तो तेव्हाही चुकीचा वाटत होता, आता तर अक्षम्य वाटतो. 2017 ते 2019 मध्ये 'ध्रुवीय अंदाज वर्ष' या आंतरराष्ट्रीय मोहिमेत आर्क्टिकमधल्या कितीतरी केंद्रांनी ठरवून जादा बलून सोडले, मोजमाप लगोलग सगळ्यांना दिलं, आणि त्याने अंदाज सुधारतात हे तपासून दाखवलं. एवढं होऊनही वरिष्ठ मंडळी डेटा कडीकुलपात ठेवतात. 30 जानेवारी 2012 ला याच गावात एका दिवसात 98 मिलिमीटर पाऊस पडला होता, वर्षभराच्या पावसाचा जवळजवळ पाव हिस्सा. हे पुन्हा होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठावर रेनडिअर दिसले, तीन मोठे, एक पिल्लू. बर्फाचं कवच खुराने खरवडत होते. खाली शेवाळ होतं, चार बोटांवर. पिल्लाने थोडा वेळ प्रयत्न केला आणि ते नुसतं उभं राहिलं.

त्या सकाळची फाइल मी ठरलेल्या स्वरूपात बसवून, दर दहा मिनिटांनी आपोआप पाठवता येईल अशी करून ठेवली आहे. परवानगीचा अर्ज मार्चमध्ये दिला. उत्तर आलेलं नाही. आज परत पाठवतोय.