सिंहगड, चौदा किलो आणि दहीवाल्या मावशी

धायरीला आमच्या सातव्या मजल्याच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो, रात्री तर टॉवरचा लाल दिवाही दिसतो, आणि चौदा वर्षं मी त्याच्याकडे बघत कपडे वाळत घातले. वर गेले नव्हते असं नाही, दहा-बारा वेळा तरी गेले असेन पण दरवेळी गाडीने, म्हणजे पार्किंगपासून पुणे दरवाजा, तिथून भजी, पिठलं-भाकरी, दही, फोटो आणि घरी. पायवाटेने घामाघूम होऊन वर येणारी माणसं दिसली की मला खरंच वाटायचं की अरे यांना घाटरस्ता माहीत नाही का.

मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. नऊ तास खुर्ची, मग स्कूटर, मग ओटा, मग सोफा. वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, आणि त्या दिवाळीनंतर वजन ८६.४. दिवाळीनंतर म्हणून जास्त दिसतंय असं मी स्वतःला सांगितलं पण मागच्या पाडव्यालाही साधारण तेवढंच होतं. त्यात रक्ताचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१. डॉक्टर म्हणाले ६.५ पासून पुढे डायबेटिस, ५.७ च्या खाली ठीक, तुम्ही मधल्या ओसरीवर बसलाय, आत जायचं की बाहेर ते तुम्ही ठरवा. माझ्या आईला डायबेटिस होता, तिचे शेवटचे दिवस बघितलेत, त्यामुळे मी घाबरले. घाबरून काय केलं तर जिम लावली, वर्षाची फी भरली आणि एकूण नऊ वेळा गेले. (तेवढा खर्च मी क्लायंटच्या पुस्तकात बघितला असता तर लाल पेनने गोल केला असता.)

सिंहगड पायी चढायचं लेकाच्या डोक्यातून निघालं. त्याची अकरावी, मित्रांबरोबर ठरलं होतं, मित्र आले नाहीत म्हणून मला ओढलं. धायरी फाट्यावरून ५० नंबरची बस पकडून पायथ्याला, आतकरवाडीतून चालायला सुरुवात. पहिली पंधरा मिनिटं मी बोलत होते, पुढची पंधरा फक्त ऐकत होते आणि त्यानंतर मला काही ऐकूही येत नव्हतं, कानात नुसतं धडधड. तिथे वाटेच्या डाव्या हाताला एक चपटा दगड आहे, त्याच्यावर मी जी बसले ती उठायचं नाव नाही. तेवढ्यात खालून एक मावशी आल्या, साठीच्या असतील, नऊवारी, पायात साध्या चपला, डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी, हात सोडलेले. माझ्याकडे बघून न थांबता म्हणाल्या, "आवं ताई, बसू नगा, बसलं की पाय जड व्हत्यात. उभ्यानं दम खावा." आणि गेल्या पुढे. मी बघतच राहिले, पाच मिनिटांत वळणाआड दिसेनाशा झाल्या.

मला वर पोचायला २ तास १० मिनिटं लागली, अकरा वेळा बसून. वर गेले तर त्या मावशी दही विकून अर्ध्या मोकळ्या झाल्या होत्या. मी दोन मडकी दही खाल्लं, साखर घालून.

लाज वाटली हे खरं, पण जिममध्ये वाटायची तशी नाही. तिथे आरशात दिसायचं ते नकोसं व्हायचं. इथे आरसाच नव्हता, इथे एक बाई डोक्यावर ओझं घेऊन माझ्या पुढे गेली होती आणि जाताजाता फुकट सल्ला देऊन गेली होती. मला एवढंच वाटलं की पुढच्या शनिवारी त्या दगडावर बसायचं नाही, बाकी कुठेही बसेन.

तसं ते सुरू झालं. दर शनिवारी पहिल्या बसने जायचं, रविवारी नाही कारण रविवारी अख्खं पुणं तिथे असतं. ऑफिसातली एक जुनी कोरी लेजर वही होती तिच्यात तीन कॉलम आखले, तारीख, मिनिटं आणि किती वेळा बसले. वजनाचा कॉलम मुद्दाम ठेवला नाही, ते महिन्यातून एकदा मागच्या पानावर. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, फक्त वजनकाट्यावर रोज उभं राहून रोज तोंड पाडायचा कंटाळा आला होता.

पहिल्या महिन्यानंतर काट्यावर उभी राहिले तर ८७.१. म्हणजे चार वेळा गड चढून सातशे ग्रॅम वाढले! नवरा हसला, मला रडू येईल असं वाटलं, मग हिशेब मांडायला बसले कारण मला दुसरं काही येत नाही. लेकाचं घड्याळ हातात बांधून गेले होते, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चढून उतरून ६०० कॅलरीच्या आसपास खर्च. आणि वर काय खाल्लं? एक प्लेट कांदाभजी, पिठलं, दोन भाकऱ्या, ठेचा, वर दही साखर. ते सहाशेच्या कितीतरी वर जातं. शिवाय घरी येऊन "आज गड चढलेय" म्हणून दुपारी भात जास्त आणि दोन तास झोप. जमा कमी, खर्च भरपूर, किंवा उलट म्हणा, पण ताळेबंद जुळत नव्हता.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. गड आठवड्यातून एकदा चढून ती जाळायची म्हटलं तर बारा-तेरा शनिवार लागतील, तेही वर काहीही न खाता. म्हणजे डोंगराने वजन उतरत नाही हे मला त्या दिवशी वहीत आकड्यांनी कळलं, आणि खरं सांगते, थोडं फसवल्यासारखंच वाटलं. पण मग चहाचा हिशेब केला. ऑफिसात दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, दहा चमचे म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर, दीडशे ते दोनशे कॅलरी नुसत्या साखरेच्या, वर चारच्या चहाबरोबर खारी. महिन्याचे झाले पाच-सहा हजार. एवढ्याला आठ-दहा वेळा गड चढावा लागेल! ते बघून मी चहा दोनवर आणला आणि साखर अर्धी केली, आणि गंमत म्हणजे हे मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं, तेव्हा ऐकलं नव्हतं. तेव्हा साखर सोडणं म्हणजे शिक्षा वाटायची, आता ती एका चढाईच्या भावात मोजता येत होती. पाव वडा खायच्या आधी डोळ्यासमोर तो चपटा दगड यायचा.

वरच्या खाण्याचंही ठरवलं, भजी बंद, पिठलं-भाकरी महिन्यातून एकदा, एरवी ताक किंवा दही बिनसाखरेचं. निघताना घरून एक केळं आणि खिशात गूळ-शेंगदाणे. रात्री भात अर्धा, जेवण साडेआठच्या आत. सासूबाईंना वाटलं मी कुठला तरी उपास धरलाय, विचारलं पण, कुठल्या देवाचा गं. म्हटलं सिंहगडाचा.

आता गुडघ्याचं सांगते कारण याच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. चढताना दम जातो पण उतरताना गुडघा जातो. सातव्या-आठव्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला, मी मिनिटं कमी करायच्या नादात उतरताना पळत होते, ८५ किलो वजन घेऊन. फिजिओकडे गेले, ती मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान पण तिने मला छान झापलं. म्हणाली काकू, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, तो तुमचा कच्चा आहे म्हणून सगळा धक्का गुडघ्यावर येतोय, आणि दोन दिवसांनी मांड्या दुखतात त्याही याच्यामुळेच. तीन आठवडे गड बंद. त्याऐवजी बिल्डिंगच्या जिन्यात एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळूऽऽ खाली टेकवायचा, परत वर, एका पायाला दहा. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, सुरुवातीला वीस सेकंदात पाय थरथरायचे. मग ऑफिसला जाताना पर्वतीची टेकडी धरली, दांडेकर पुलाकडून वाटेतच पडते, १०३ पायऱ्या, आधी एक फेरी, मग दोन, पावसाळ्यापर्यंत चार. पर्वतीवर रोज येणारी सत्तरीची मंडळी आहेत, ती इतक्या गप्पा मारत चढतात की लाजेने तरी दम आवरावा लागतो. उतरताना सरळ न उतरता थोडं नागमोडी, लहान पावलं, गुडघा जरासा वाकवलेला, आणि एक काठी. काठी घेतली तेव्हा म्हातारी झाल्यासारखं वाटलं, पण तिने गुडघा वाचवला.

बूट पण चुकले होते. नेहमीच्या मापाचे घेतले, उतरताना अंगठा पुढे आपटून आपटून नख काळं झालं आणि पडलं. डोंगराला बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा आणि संध्याकाळी घ्यायचा, पाय तेव्हा सुजलेले असतात.

आणि बायकांसाठी एक गोष्ट, पुरुषांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल पण नका सोडू. मी सुरुवातीला पाणीच प्यायचे नाही, कारण वाटेत जायची सोय नाही. पहाटे चारपासून तोंड बंद. त्याने डोकं दुखायचं, पोटऱ्यांत गोळे यायचे आणि मला वाटायचं आपली तब्येतच नाही चढायची. एकदा वर पोचल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली तेव्हा त्याच दहीवाल्या मावशींनी बसवलं (तेव्हा मात्र बसू दिलं), मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत दिलं. तेव्हापासून निघायच्या दीड तास आधी दोन ग्लास पाणी, बस पकडायच्या आधी जाऊन यायचं आणि वाटेत दर दहा मिनिटांनी दोन घोट. प्रश्न असा सुटतो, न पिऊन सुटत नाही.

वजन उतरायला लागलं. ८५, ८३, ८१, आणि ७९ वर येऊन ठप्प. अकरा आठवडे! तेच खाणं, तोच गड, काटा हलेना. पूर्वीची मी असते तर तिथेच सोडलं असतं, याआधी दोन डाएट तशीच सोडली होती. पण यावेळी वहीत दुसरा कॉलम होता. त्या अकरा आठवड्यांत माझी वेळ ८४ मिनिटांवरून ७१ वर आली आणि बसण्याचा आकडा शून्यावर. तो चपटा दगड कधी मागे पडला ते एका शनिवारी कळलंच नाही, वर गेल्यावर आठवलं. सलवारची नाडी पण आणखी आत यायला लागली होती, म्हणजे काट्याला दिसत नसलं तरी काहीतरी चाललं होतं. मग पावसाळा आला, पायवाटेवर नुसता राडा, घाटात दरड आली की रस्ता बंद, मी दोन महिने गडाऐवजी जिना आणि पर्वतीच केली, आणि त्यातच कधीतरी काटा ७७ झाला. का तेव्हा हलला, मला सांगता येणार नाही.

पुढच्या दिवाळीनंतर ऑफिसातल्या पोरांनी कळसूबाई ठरवलं. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, मीच म्हटलं मी येते, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघितलं ते मी बघितलं. रात्री पुण्यातून निघून पहाटे बारी गावात, टॉर्च लावून सुरुवात. चढाई सिंहगडाच्या दीडपट तरी आहे, आणि मध्ये लोखंडी शिड्या, दव पडून गार आणि ओल्या, त्यांच्यावर मला दम नाही लागला, भीती वाटली, खाली बघितलं आणि हात सुटेचनात. मागचा मुलगा म्हणाला ताई, पायरी बघा फक्त. तीन तास लागले. सूर्योदय वाटेतच होऊन गेला. वर कळसूबाईच्या छोट्याशा देवळात नमस्कार केला, खाली भंडारदऱ्याचं पाणी आणि समोर अलंग, मदन, कुलंग एका ओळीत. सगळ्यांनी फोटो काढले, मी गुडघ्यांकडे लक्ष ठेवून होते कारण माझी परीक्षा उतरताना होती. खाली आले, काही झालं नाही. त्या दोन मुलांपैकी एकाचा गुडघा धरला होता, त्याला मी माझी काठी दिली. आनंद झाला, उगाच खोटं कशाला बोलू.

त्या महिन्यात वजन ७२.१, साखर ५.५. अजून डॉक्टरांच्या हिशेबात मी जाडच आहे आणि बहुतेक दोन-चार किलो इकडे तिकडे होत राहतील, लग्नसराईत दीड किलो परत आलं पण होतं.

कळसूबाईनंतरच्या शनिवारी सिंहगडावर गेले. चढताना मावशी दिसल्या नाहीत, म्हटलं आज त्यांच्या आधी पोचले की काय, वर जाऊन बघते तर त्या नेहमीच्या जागी मडकी मांडून बसलेल्या. मला न्याहाळून म्हणाल्या, "ताई, आजारी हुता व्हय? लई वाळलात." मी सांगितलं, नाही हो, हा गड चढून चढून उतरले. त्यांना ते काही पटलं नाही. "मी लगीन झाल्यापासनं चढतीया, मला न्हाई काय झालं," म्हणाल्या आणि मडकं पुढे करून मी नको म्हणायच्या आत वर दोन चमचे साखर टाकली. "खावा. अंगाला लागू द्या."

खाल्लं. घरी येऊन वहीत लिहिलं, ५६ मिनिटं, शून्य वेळा, साखरेसकट.