फ्रायर सांभाळणाऱ्यांसाठी आणि फ्राइज खाणाऱ्यांसाठीही

फास्ट फूडच्या स्वयंपाकघरात नव्या माणसाला बऱ्याचदा आधी फ्राइजवर उभं करतात. सोपं काम आहे असा समज असतो: पिशवी फोडा, बास्केटमध्ये ओता, बटण दाबा, टायमर वाजला की उचला. पण बर्गरमधली चूक सॉस, चीज आणि काकडीच्या चकत्यांखाली लपते. फ्राइजमध्ये बटाटा, तेल आणि मीठ एवढंच असतं. तेल शिळं असलं, घाणा मोठा पडला किंवा फ्राइज नको तितका वेळ पडून राहिले, तर पहिल्या घासालाच कळतं. त्यामुळे एखादं स्वयंपाकघर किती काळजीनं चालतं हे बघायचं असेल, तर आधी फ्राइज बघावेत.

पिशवीतून येतात ते तुकडे कच्चे नसतात. कारखान्यात बटाटा सोलून, कापून, गरम पाण्यातून काढून, वाळवून थोडा वेळ तळतात आणि मग गोठवतात. गरम पाण्यामुळे आतला भाग शिजतो आणि वरची जादा साखर निघून जाते, म्हणून नंतर रंग एकसारखा येतो. दुकानात होतं ते फक्त शेवटचं तळण. तोवर हे तुकडे उणे १८ अंश सेल्सिअसला राहिले पाहिजेत आणि फ्रीजरमधून थेट तेलात गेले पाहिजेत. गर्दीच्या तयारीसाठी बास्केटा आधीच भरून तासभर बाहेर ठेवल्या, तर तुकडे वितळून ओले आणि लिबलिबीत होतात, मोडतात आणि जास्त तेल पितात. वितळलेली पिशवी परत गोठवली की गोळे होतात. खोकं जमिनीवर आदळलं तरी नुकसान आहेच. मोडलेले बारीक तुकडे आधी करपतात, फ्रायरच्या टाकीच्या तळाशी बसतात आणि पुढच्या प्रत्येक घाण्याला कडवट चव देतात. पिशवीच्या तळाशी साठलेला बर्फाचा चुरा तेलात कधीच जाऊ देऊ नये. बास्केट भरतानाच तो बाजूला झटकावा.

तेल साधारण १६८ ते १७७ अंशांवर हवं. बारीक काडीच्या फ्राइजला या तापमानात तीनेक मिनिटं लागतात, जाड कापाला जास्त. बास्केट निम्मीच भरायची. गर्दी वाढली की हा नियम सगळ्यात आधी मोडला जातो. बास्केट काठोकाठ भरली की गोठलेल्या बटाट्यानं तेलाचं तापमान एकदम खाली येतं आणि बर्नरला ते वेळेत परत चढवता येत नाही. टायमर वाजतो तेव्हा फ्राइज फिकट आणि मऊ असतात. मग कोणीतरी अजून मिनिटभर ठेवतो, आणि हाती येतात तेलकट, सादळल्यासारखे फ्राइज. निम्म्या बास्केटचे दोन घाणे एका भरगच्च घाण्यापेक्षा चांगले निघतात, आणि बरेचदा वेळही तितकाच लागतो. तेलात सोडल्यावर साधारण ३० सेकंदांनी बास्केट एकदा उचलून हलवावी. सुरुवातीला वरचा स्टार्च चिकट असतो. तेव्हा सुटे केले नाहीत तर तुकडे जोडलेलेच तळले जातात आणि जोडावर पांढरे राहतात.

तेलातले बुडबुडे म्हणजे बटाट्यातून बाहेर पडणारी वाफ. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. बरंचसं तेल आत जातं ते बास्केट वर आल्यानंतर: आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढून घेते. म्हणून टायमर वाजला की लगेच उचलायचं, दोन-तीनदा नीट झटकायचं, पाच ते दहा सेकंद निथळू द्यायचं आणि ट्रेमध्ये ओतायचं. बास्केट तशीच लटकवून ऑर्डर बघायला गेलात, तर तेवढ्या वेळात फ्राइज तेल पिऊन घेतात.

मीठ ट्रेमध्येच, ओतल्याबरोबर. पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर असतानाच ते चिकटतं. गार झाल्यावर घातलेलं मीठ तळाशी गोळा होतं. टाकीवर धरलेल्या बास्केटमध्ये मीठ मारणं ही वाईट सवय आहे, कारण मीठ तेलात पडतं आणि तेल लवकर खराब होतं. थोडं उंचावरून शिंपडून स्कूपनं खालून वर हलक्या हातानं उलटावं. दाबून ढवळलं की फ्राइज मोडतात.

मग घड्याळ सुरू होतं. बऱ्याच साखळी दुकानांत तळलेले फ्राइज सातच मिनिटं ठेवायचा नियम असतो, आणि तो वाजवी आहे. वरचं कुरकुरीत कवच अगदी पातळ असतं. आतला ओलावा सतत त्या कवचात येत राहतो. ट्रेवरच्या ऊब देणाऱ्या दिव्यानं फ्राइज गरम राहतात, पण हा ओलावा थांबत नाही. सात मिनिटं झालेले फ्राइज फेकायचेच. ते पुन्हा तेलात बुडवले तर कडक, काळपट आणि तेलकट होतात, आणि नव्या घाण्यात मिसळले तर नवा घाणाही वाया जातो. फेकाफेक जास्त होत असेल तर घाण्याचा आकार चुकतोय. दुपारच्या शांत वेळेला पाव बास्केट तळावी. त्यात कमीपणा काही नाही.

तेलाचे शत्रू ठरलेले आहेत: जादा उष्णता, हवा, पाणी, मीठ आणि तळाशी बसलेला चुरा. तेल खराब झालं की ते गडद होतं, फेस बसता बसत नाही, नेहमीच्या तापमानालाच धूर येतो, बास्केटच्या काठावर चिकट पिवळा थर धरतो. नुसत्या रंगावर मात्र विसंबू नये. चाचणीच्या पट्ट्या किंवा तेलातले ध्रुवीय घटक (तेल खराब होताना त्यात वाढत जाणारे पदार्थ) मोजणारं यंत्र वापरावं. अनेक देशांच्या नियमांत त्या घटकांची मर्यादा २५ टक्क्यांच्या आसपास आहे. चुरा दिवसभर जाळीनं काढत राहावं आणि तेल दिवसातून निदान एकदा गाळावं.

गाळताना क्रम चुकवू नये. आधी बर्नर बंद, मग तेल सोडायचं. तेल उतरल्यावर टाकीतल्या, तेल तापवणाऱ्या नळ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावरचा तेलाचा थर पेट घेऊ शकतो. गाळणीचा कागद नीट बसवून गाळणीची पूड सांगितलेल्या मापानं घालावी, टाकीच्या भिंती ब्रशनं खरवडाव्यात, तेल काही मिनिटं गाळणीतून फिरवावं आणि परत भरावं. नळ्या पूर्ण बुडून तेल खुणेच्या रेषेपर्यंत आल्याशिवाय बर्नर लावायचा नाही. कोपरापर्यंतचे हातमोजे, ॲप्रन, चेहऱ्यावरचं कवच आणि बंद बूट हे सगळं घालूनच हे काम करावं, घाई कितीही असो. ड्यूटी संपत आली की माणूस नेमकं इथेच चालढकल करतो.

टाकी साबणाच्या पाण्यानं उकळून धुतली असेल, तर शेवटी थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं धुवावी. क्षारयुक्त साबणाचा अंश राहिला तर नवं तेलही फेसाळतं. नंतर टाकी खडखडीत कोरडी करावी, नळाच्या तोटीसकट. तिथे राहिलेलं घोटभर पाणी तेल तापल्यावर वाफ होऊन तेल उसळवतं.

तेलानं पेट घेतला तर पाणी अजिबात नाही. गॅस किंवा वीज बंद, जमलं तर झाकण, आणि स्वयंपाकाच्या तेलासाठीचंच अग्निशामक. त्याचा वर्ग काही देशांत ‘एफ’, तर काही ठिकाणी ‘के’ असतो. ते अग्निशामक कुठे टांगलंय हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. हात भाजला तर अंगठी-घड्याळ काढून २० मिनिटं नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

आता काउंटरच्या पलीकडच्यांसाठी. चांगले फ्राइज सोनेरी असतात, तपकिरी नाहीत. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की स्टार्च असलेले पदार्थ जास्त तापले की त्यांत ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक ठरू शकणारं रसायन तयार होतं. रंग जितका गडद, तितकं ते सहसा जास्त. त्यामुळे ‘जरा जास्त खरपूस करा’ असं न सांगणं बरं. खाल्ल्यावर टाळूला चिकट थर जाणवला किंवा मासळीसारखा वास आला, तर तेल थकलेलं आहे.

ताजे हवेत म्हणून काही जण बिनमिठाचे मागतात आणि मग वरून मिठाची पुडी घेतात. त्यासाठी आत ट्रे आणि स्कूप पुसावा लागतो आणि मागची सगळी रांग थांबते. ‘ताजे मिळतील का, चार मिनिटं थांबतो’ एवढं म्हटलं तरी पुरतं. गर्दीच्या वेळी तर तेही मागावं लागत नाही, कारण तेव्हा ट्रेमध्ये काही सात मिनिटं टिकतच नाही.

शाकाहारी असाल किंवा कसली ॲलर्जी असेल, तर ‘तेल वनस्पतीचं आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. त्याच तेलात मासे किंवा चिकन तळतात का, आणि फ्राइजमध्ये आधीच कोणता स्वाद घातलेला आहे, हे दोन्ही विचारा. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सनं १९९० मध्ये गोमांसाची चरबी सोडून वनस्पती तेल घेतलं, पण तिथल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद होताच, आणि त्यावरून २००१ मध्ये खटला झाला.

घरी न्यायचे असतील तर पिशवीचं तोंड उघडं ठेवा आणि कोल्ड्रिंकजवळ ठेवू नका. घरी मायक्रोवेव्हमध्ये ते आणखी मऊ पडतात. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये एकाच थरात पसरून तीन-चार मिनिटं ठेवा, वर तेल न घालता.