तेल लावतानाच्या गप्पा

लेक ७ महिन्यांची झालीय आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त गप्पा तेल लावताना होतात. माझी आई तिला "हा पाय कुणाचा गं?" विचारते आणि मग चक्क थांबते, मग ही बया "अब्बूऽऽ" करून उत्तर देते! ते थांबणंच मला जमत नव्हतं, मी आपली एकटीच बोलत सुटायचे. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या ६-८ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतला त आणि ट वेगळा कळतो, पण वर्षाची होईपर्यंत ते जातं, कानावर पडतच नाही ना. म्हणून सध्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा तिच्यासोबत मोजतोय, एक... दोन... तिसरीला तीच ओरडते.