वय : वरीलप्रमाणे

‘साहेब, माझं नाव साफ करून द्या,’ म्हणत येणाऱ्याला मी आधीच सांगून टाकतो, जुनी दोषसिद्धी पुसणारा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. मोबाईलवर बघितलेलं असतं ते परदेशातलं.

हा अशील तेहतीस वर्षांचा. ड्रायव्हरची नोकरी जवळजवळ लागलेली, आणि चारित्र्य पडताळणीत २००९ सालची जुगाराची केस वर आली. जुगारबंदी कायद्याचं कलम १२(अ), दंड २०० रुपये. पारावर पत्ते चालले होते, धाड पडली, सहा जण उचलले. कोर्टाबाहेर कुणी काळा कोट म्हणाला, ‘कबूल हो, दंड भर, घरी जा.’ हा कबूल झाला. कबुली म्हणजे दोषसिद्धी आणि दंड म्हणजे शिक्षाच, हे त्याला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार? ते वाक्य मीही पुष्कळदा म्हटलंय.

कबुलीनंतर दोषसिद्धीवर अपील नाही, फार तर शिक्षेवर भांडता येतं. रिव्हिजनची, म्हणजे वरच्या कोर्टाकडून निकाल तपासून घेण्याची, मुदत ९० दिवस, इथं पंधरा वर्षं उलटलेली. विलंबमाफी मागून शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणाऱ्या १९५८ च्या प्रोबेशन कायद्यातलं काही पदरात पडतंय का बघावं, असा माझा बेत होता. त्याच्या कलम १२ ने कायद्याने येणारी अपात्रता तेवढी जाते, दोषसिद्धी जागच्या जागी राहते.

नक्कल मागितली तर फाईल केव्हाच नष्ट झालेली. उरली होती रजिस्टरातली नोंद. सहा नावं, एकाखाली एक. वयाच्या रकान्यात पहिल्यापुढे १९ आणि खाली पाचही जणांपुढे ‘वरीलप्रमाणे’ची खूण. सहाच्या सहा एकोणीस वर्षांचे? लिहिणाऱ्याने मान वर करून बघितलंसुद्धा नसणार.

‘शाळेचा दाखला आहे?’ मी विचारलं.

दाखल्यावरून धाडीच्या दिवशी तो १७ वर्षं ५ महिन्यांचा निघाला. २००० सालच्या बाल न्याय कायद्याने तेव्हाही अठरापर्यंत बालकच. त्याला त्या कोर्टापुढे उभं करायलाच नको होतं. आणि २०१५ च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं, वयाचा मुद्दा निकाल अंतिम झाल्यावरही काढता येतो. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला.

शाळेचा क्लार्क जनरल रजिस्टर फडक्यात गुंडाळून घेऊन आला. पहिलीतल्या प्रवेशाची नोंद, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शेजारी वडिलांचा अंगठा. सरकारी वकिलांनी खाडाखोडीची शंका काढली. मी पान साहेबांपुढे धरलं. अंक गिरवता येतो. अक्षरी तारीख कशी गिरवणार? ‘तेव्हाच का नाही सांगितलं वय?’ असंही सरकारी वकील म्हणाले. त्याला तेव्हा विचारलं कुणी?

कोर्टाने वय मानलं. कायद्याप्रमाणे शिक्षा निष्प्रभ ठरली आणि कागद बाल न्याय मंडळाकडे गेले. तिथं बाकावर पोरं आणि त्यांच्या आया. शिपायाने माझ्या टक्कल पडू लागलेल्या अशिलाला विचारलं, ‘मुलगा कुठंय?’ तो म्हणाला, ‘मीच.’ कुणी हसलं नाही.

मंडळाने प्रकरण बंद केलं आणि त्याच २०१५ च्या कायद्याच्या कलम २४ खाली आदेश दिला, अपिलाची मुदत संपल्यावर दोषसिद्धीचं रेकॉर्ड नष्ट करावं. पेढे आले. आदेश घेऊन मीच ठाण्यात गेलो, कारण असा कागद टपालाने गेला की कुठल्या कपाटात जाईल याचा भरवसा नसतो. हवालदारांनी क्राईम रजिस्टर उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘वकीलसाहेब, पान फाडू कसं? याच पानावर आणखी पाच आहेत.’

ते पाच मी वाचले. इथंही वयापुढे त्याच खुणा. अशिलाला विचारलं तर म्हणाला, दोघं शाळेत त्याच्या मागच्या वर्गात होते. एक आता पुण्याला, दुसऱ्याचा पत्ता नाही. वकिलाला अशील शोधत दारोदार फिरता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. नावं मात्र माझ्या डायरीत आहेत, आणि त्याने पुण्याच्या मित्राला फोन केला का, हे मी त्याला दोनदा विचारून झालंय.